सातवीची शब्दपेटी आणि पट्टीवाचन: जून ते ऑक्टोबर २०२४ च्या नोंदी

शब्दपेटी म्हणजे अडणारे शब्द कार्डांवर लिहून कप्पे केलेल्या पेटीत ठेवायचे आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा विचारायचे; पट्टीवाचन म्हणजे वाचताना पानाच्या कडेला लावलेल्या कागदी पट्टीवर खुणा करायच्या. मराठी माध्यम, इयत्ता सातवी, पट ३४. मराठीच्या तासिकेतली शेवटची १५ मिनिटं आणि शनिवारची एक पूर्ण तासिका, म्हणजे ३५ मिनिटं, एवढाच वेळ हाताशी. शब्द मराठीच्या पुस्तकातले कमी घेतले; भूगोल, इतिहास आणि विज्ञानातले जास्त, कारण मुलं अडतात ती तिथे. कोणाला हेच करून पाहायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून चुका, खर्च आणि वाया गेलेला वेळ यांसकट लिहिलं आहे.

२४ जून, सोमवार

आधीची मोजणी. येत्या तीन धड्यांतले ४० शब्द फळ्यावर लिहिले. मुलांनी कागदावर प्रत्येक शब्दापुढे एक आकडा टाकायचा: ० म्हणजे ऐकलाच नाही, १ म्हणजे ऐकलाय पण अर्थ सांगता येत नाही, २ म्हणजे वाक्यात आला तर कळतो, ३ म्हणजे स्वतः वापरता येतो. पंधरा मिनिटांत कागद जमा. निकाल फारच चांगला आला, निम्म्याहून जास्त आकडे २ आणि ३. तिथेच शंका यायला हवी होती.

२९ जून, शनिवार

ज्यांनी ज्या शब्दापुढे ३ टाकला त्यांनी त्याचं वाक्य लिहायचं, एवढंच काम दिलं. 'सहसा'पुढे २५ जणांचा ३ होता. वाक्य बरोबर आलं ११ जणांचं. चुकलेल्यांत बहुतेकांनी तो 'अचानक' या अर्थाने वापरला: 'सहसा पाऊस आला आणि आम्ही पळालो.' ही चूक अडाणीपणाची नव्हे. हिंदीत 'सहसा' म्हणजे अचानकच. मुलं टीव्हीवर आणि मोबाइलवर दिवसभर हिंदी ऐकतात, त्यामुळे असे जुळे शब्द आधीच वेगळे काढून ठेवावेत: शिक्षा, चेष्टा, राजीनामा, सहसा. चारही दोन्ही भाषांत आहेत आणि चारही वेगळ्या अर्थाने.

म्हणजे सोमवारची पूर्ण मोजणी वाया. आधीची मोजणी करायची असेल तर शब्द १५ च घ्या आणि ३ टाकणाऱ्याकडून तिथल्या तिथे वाक्य लिहून घ्या. वेळ तेवढाच लागतो.

१ जुलै, सोमवार

शब्द निवडले. इथे मोठी चूक झाली आणि ती लक्षात यायला पंधरा दिवस लागले. पुस्तकात ठळक छापलेले शब्द उचलले: समोच्च रेषा, उधाण, चौथाई, सरदेशमुखी. हे शब्द धडा स्वतःच समजावून सांगतो, बहुतेक वेळा त्याच परिच्छेदात. मूल अडतं ते ज्या शब्दांना कोणी ठळक करत नाही तिथे. इतिहासातल्या मजकुरासारखं हे वाक्य पाहा:

'चौथाई आणि सरदेशमुखी म्हणजे त्या प्रदेशाच्या महसुलाचा अनुक्रमे एक चतुर्थांश आणि एक दशांश भाग.'

बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये या दोन हक्कांच्या सनदा दिल्लीहून आणल्या, हे वर्गात तोंडपाठ होतं. पण सरदेशमुखी किती, असं विचारलं तर उत्तरं 'एक चतुर्थांश' आणि 'दोन्ही मिळून' अशी. अडलेला शब्द 'अनुक्रमे'. पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं, ही जोडी त्या एका शब्दात आहे आणि तो कोणी शिकवत नाही.

त्यानंतर शब्दांचे तीन ढीग केले. पहिला, बोलण्यातले: सोडून द्यायचे. तिसरा, एकाच विषयाचे: ते त्या विषयाच्या तासाला. मधला ढीग आपला. बोलण्यात नसलेले, पण चार विषयांच्या पुस्तकांत आणि प्रश्नपत्रिकेत पुन्हा पुन्हा येणारे: अनुक्रमे, परिणामी, प्रमाण, घटक, परस्पर, वगळता, उर्वरित, तुलनेने, आढळणे, अवलंबून असणे, सकारण. कसोटी साधी ठेवली: शब्द दोनपेक्षा जास्त विषयांत भेटतो का? भेटत नसेल तर पेटीत जागा नाही.

६ जुलै, शनिवार

पहिल्या आठवड्याला १२ शब्द, प्रत्येक मुलाची स्वतःची कार्डं. ए-फोर कार्डशीटचे आठ तुकडे केले की एक कार्ड साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचं होतं, हातात नीट मावतं. हिशेब: १२ शब्द गुणिले ३४ मुलं, ४०८ कार्डं, ५१ शीट, शीटला ४ रुपये, एकूण २०४ रुपये. एका आठवड्याचे. असं वर्षभर चालणार नाही.

पैशापेक्षा वाईट गोष्ट कार्डावर होती. मुलांनी शब्दाच्या मागे कोशातला अर्थ उतरवला होता. 'विपुल: प्रचुर.' प्रचुर म्हणजे काय? 'पुष्कळ, विपुल.' अर्थाला अर्थ, आणि मूल होतं तिथेच. काही कार्डांवर अर्थ बरोबर पण विचारल्यावर वाक्य नाही.

सगळी ४०८ कार्डं रद्द. पाठीमागे अर्थ न लिहिता आता चार ओळी:
पहिली, शब्दाची फोड किंवा मूळ रूप.
दुसरी, पुस्तकात तो जिथे भेटला ते वाक्य, पान क्रमांकासह.
तिसरी, स्वतःचं वाक्य, घरातलं किंवा शेतातलं.
चौथी, 'हा नव्हे': ज्या अर्थाची किंवा शब्दाची गल्लत झाली तो.

चौथी ओळ सहज म्हणून टाकली होती. पुढे तीच सगळ्यात कामाची निघाली.

८ जुलै, सोमवार

खर्च वाचवायला जुन्या लग्नपत्रिका मागवल्या. दोन दिवसांत पिशवीभर आल्या. ३४ वैयक्तिक संचांऐवजी सहा गट केले, चार गट सहा-सहांचे, दोन पाच-पाचांचे, आणि गटाला एक पेटी. पत्रिकेची छापील बाजू पांढरा कागद चिकटवून झाकायची ठरली.

आणखी १२ शब्द घेतले. एकूण २४. (हेही जास्त झाले, पण ते पुढे.)

१३ जुलै, शनिवार

कोश उघडण्याचा तास. दहा शब्द शोधायला दिले आणि ३५ मिनिटांत एकाही गटाचे पाचपेक्षा जास्त झाले नाहीत. वर्णक्रम येत नसेल असं आधी वाटलं. ते काही अंशी खरं होतं, पण मुख्य अडचण निराळी: पुस्तकात शब्द ज्या रूपात भेटतो त्या रूपात तो कोशात नसतो.

उदाहरण एकच, पण पूर्ण. वाक्यात होतं 'मुळांना पाणी मिळते'. एका गटाने 'ना' काढला, उरलं 'मुळां'. अनुस्वार काढला, उरलं 'मुळा'. कोशात मुळा सापडला: एक भाजी. वाक्यात बसवून पाहिला, तोही बसतो! गट खूश. गडबड अशी की भाजीच्या मुळ्याचं सामान्यरूप 'मुळ्यांना' होतं. 'मुळांना' हे 'मूळ' या शब्दाचं. प्रत्यय लागताना मूळमधला दीर्घ ऊ ऱ्हस्व झाला आणि पोरं चकली.

मग फळ्यावर तीन पायऱ्या लिहिल्या आणि त्या वर्षभर तशाच राहणार आहेत.

एक, शेपूट काढा: ला, ना, ने, नी, शी, हून, चा-ची-चे, त, आणि चिकटून येणारे वर, खाली, मुळे, साठी, पासून, पर्यंत.
दोन, उरलेल्याला सरळ करा: पाण्या-चं पाणी, विंचवा-चं विंचू, भावा-चं भाऊ. मधला ऱ्हस्व इकार-उकार दीर्घ करून बघा: पिका-चं पीक, फुला-चं फूल, गरिबा-चं गरीब. (शरीराला, सूत्राला अशा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या, शब्दांत मधलं दीर्घ तसंच राहतं, तिथे काही करायचं नाही.)
तीन, क्रियापद असेल तर शेवटी 'णे' लावून म्हणा: आढळते, आढळणे. गेला, आला, केले, म्हटले यांची यादी वेगळी पाठ: जाणे, येणे, करणे, म्हणणे.

वर्णक्रमाबद्दल दोनच गोष्टी. क्ष आणि ज्ञ काही कोशांत क आणि ज मध्ये असतात, काहींत अगदी शेवटी; 'ज्ञात' शोधायला एका गटाने आठ मिनिटं घालवली ती यापायी. अनुस्वाराचा क्रमही प्रत्येक कोशाच्या सुरुवातीच्या सूचनांत पाहून घ्यावा, अंदाजाने जाऊ नये.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात, पण ते १९६२ च्या लेखननियमांच्या आधीचे. तिथे शब्द 'करणें', 'नाहीं', 'कांहीं' असे आहेत. आजच्या लेखनाने शोधलं की शब्दच नाही असं वाटतं. सातवीच्या हाती हे कोश द्यायचे नाहीत. शिक्षकाने पाहावेत, आणि पाहताना शेवटचा अनुस्वार विसरू नये.

१५ ते २० जुलै

आषाढीचा आठवडा. हजेरी निम्मी. काम बंद.

२२ जुलै, सोमवार

पेट्या उघडल्या. तीन अडचणी एकदम.

पहिली ओलाव्याची. पत्रिकांवर चिकटवलेला कागद गोंदामुळे वळला, कार्डं धनुष्यासारखी झाली आणि कप्प्यात उभी राहीनात. एका गटाने घरून गव्हाच्या पिठाची खळ आणली होती. त्या पेटीत झुरळं.

दुसरी जास्त गंभीर. कागदाच्या कडेतून पत्रिकेचा सोनेरी गणपती, तोरण, मोर दिसत होते. मुलं शब्द न वाचता कडेची नक्षी पाहून उत्तर देत होती. 'मोरवालं कार्ड म्हणजे उर्वरित.' आतापर्यंतचा सगळा सराव नक्षी ओळखण्याचा झाला होता. पत्रिका बाद. पुन्हा कार्डशीट, सगळ्या गटांना एकच रंग, एकाच पेनने लिहिलेली.

तिसरी साचलेल्या कार्डांची. पेटीचा मूळ प्रकार जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेला: पाच कप्पे, बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. आमचं वेळापत्रक: पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्याने. कागदावर सुरेख. पण २४ शब्द दोन आठवड्यांत घुसवले, मग एक आठवडा खाडा पडला, आणि आज प्रत्येक गटाच्या पहिल्या कप्प्यात वीसच्या आसपास कार्डं. पंधरा मिनिटांत गटाची आठ ते दहा होतात. उरलेली उद्यावर, उद्याची परवावर.

उपाय: या आठवड्यात नवा शब्द नाही. पुढे आठवड्याला पाचच. आणि नियम: पहिल्या कप्प्यात आठपेक्षा जास्त कार्डं असतील तर त्या गटाला नवं कार्ड मिळणार नाही.

पेटी म्हणजे बुटाचा खोका. आत पुठ्ठ्याच्या चार उभ्या भिंती, पहिला कप्पा सगळ्यात रुंद. भिंती चिकटवू नका, खोक्याला चिरा पाडून अडकवा. कप्प्यांची रुंदी पुढे बदलावी लागतेच.

२५ जुलै, गुरुवार

गटात एक हुशार मूल ओरडून सांगतं आणि कार्ड सगळ्यांच्या नावाने पुढे सरकतं. तीन दिवस लक्षात आलं नाही. पाटी बाहेर काढली. कार्ड दाखवायचं, प्रत्येकाने पाटीवर शब्द वापरून अर्धं तरी वाक्य लिहायचं, पाटी उलटी ठेवायची, सगळ्यांचं झालं की एकदम वर. गटातले चार जण बरोबर असतील तरच कार्ड पुढे. वेग निम्मा झाला, चालेल.

२९ जुलै, सोमवार

वाचनाच्या खुणा सुरू केल्या. सात खुणा ठरवल्या होत्या: न समजलेलं, नवं, महत्त्वाचं, कारण, परिणाम, पटलं नाही, आधी माहीत होतं. फार विचार करून केलेली यादी. पहिल्याच दिवशी पानं रंगली. एका मुलीने परिच्छेदातली नऊच्या नऊ वाक्यं अधोरेखित केली होती. का, तर 'सगळंच महत्त्वाचं आहे ना, बाई.' धड्याच्या पुस्तकाबद्दल तिचं म्हणणं खोटंही नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

सातच्या तीन खुणा केल्या.

'?' इथे अडलो.
'!' हे नवं कळलं.
बाण: हे कारण, तो परिणाम, बाणाचं टोक परिणामाकडे.

अधोरेखन बंद. त्याऐवजी परिच्छेदाला एकच शब्द, स्वतःचा, बाजूला लिहायचा. पुस्तकातला ठळक शब्द उचलायचा नाही.

खुणा पुस्तकात करायच्या नाहीत, पुस्तकं पुढच्या वर्षी दुसऱ्यांच्या हाती जाणार. म्हणून पट्टी: जुन्या कॅलेंडरच्या पानाची पाठ, चार सेंटिमीटर रुंद, पुस्तकाच्या पानाएवढी लांब. पानाच्या बाहेरच्या कडेला यू-पिनने लावायची, खुणा पट्टीवर, त्या त्या ओळीसमोर. पहिल्या दिवशी पट्ट्या घसरल्या आणि कोणती खूण कोणत्या ओळीची ते कळेना. आता पट्टीवर वर पान क्रमांक, आणि पानाच्या पहिल्या व शेवटच्या ओळीसमोर एकेक आडवी रेघ. काढून पुन्हा लावली तरी रेघा जुळवता येतात.

पट्टीचा अनपेक्षित फायदा: ३४ पट्ट्या एकाखाली एक मांडल्या की '?' कुठे दाटले ते दोन मिनिटांत दिसतं. पुढच्या आठवड्याचे पाच शब्द आता तिथूनच येतात. शिक्षकाने घरी बसून यादी करायचं काम संपलं.

७ ऑगस्ट, बुधवार

भूगोल, भरती-ओहोटी. पट्ट्यांवर 'उधाणाची भरती'समोर जवळजवळ एकही '?' नाही. 'उधाण' माहीत आहे, उत्साहाला येतं ते. 'भांगाची भरती'समोरही एकही नाही, आणि तेच विचित्र वाटलं. विचारलं. उत्तर एकमुखी: केसांचा भांग पाडतो तसं पाणी मधोमध दुभंगतं.

किनाऱ्यापासून इतक्या लांब 'भांग' म्हणजे केसांचाच. समुद्राकाठी तो शब्द भरतीचा आहे: अष्टमीच्या सुमारास, चंद्र आणि सूर्य पृथ्वीला काटकोनात ओढतात तेव्हा पाण्याची चढउतार नेहमीपेक्षा कमी होते, ती भांगाची भरती. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत, ती उधाणाची. चंद्र-सूर्याची आकृती मुलांना बरोबर काढता येत होती. पाणी दुभंगण्याचं चित्र तिच्या शेजारी डोक्यात सुखाने नांदत होतं.

यातून दोन गोष्टी बदलल्या. 'संदर्भावरून अर्थ ओळखा' हे सरसकट सांगणं बंद. संदर्भ जेवढा मदत करतो तेवढाच फसवतो, आणि फसलेल्या मुलाच्या पट्टीवर '?' येतच नाही. आता क्रम असा: आधी फोड, मग मागचं-पुढचं एकेक वाक्य, अंदाज लिहून ठेवायचा, आणि त्या जागी अंदाज घालून वाक्य मोठ्याने वाचायचं. 'चढउतार कमी असते, हिला दुभंगण्याची भरती म्हणतात.' वाचल्यावर चार-पाच जण स्वतःहून थांबले.

दुसरी, ओळखीचा शब्द अनोळखी जागी दिसला तर त्यालाही '?'. हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, अजून पक्कं झालेलं नाही. 'जलद' वर तेच झालं: वेगाने या अर्थी माहीत, आणि कवितेत ढग. लेखन एक, शब्द दोन. एकाचं मूळ फारसीत, दुसरा संस्कृत, जल देणारा.

१७ ऑगस्ट, शनिवार

उपसर्ग. एका बैठकीत दहा शिकवले: अनु, अभि, परि, प्रति, उप, सु, दुर्, बे, ना, गैर. तीस मिनिटांत वर्ग सुटला: बेडूक म्हणजे बे अधिक डूक, डूक नसलेला. नारळ म्हणजे रळ नसलेला. मग कोणालाच सोडलं नाही. हसून झालं, पण पुढचे दोन दिवस कार्डांवर खरोखर अशा फोडी येत राहिल्या.

उतारा: उपसर्ग काढल्यावर उरलेला तुकडा एकटा उभा राहतो का, आणि त्याचा अर्थ मोठ्या शब्दात शिल्लक आहे का? दोन्हींना 'हो' असेल तरच फोड. गैरहजर: हजर, हो. बेसावध: सावध, हो. नापसंत: पसंत, हो. बेडूक: डूक? पुढे.

पंधरवड्याला दोन उपसर्ग पुरेत. बे, ना, गैर, बिन यांपासून सुरुवात करावी, ते पारदर्शक आहेत. अनु, अभि, परि मागे ठेवावेत. त्यांचा अर्थ प्रत्येक शब्दात थोडा सरकतो आणि मूल गोंधळतं.

३१ ऑगस्ट, शनिवार

चौघांचं वाचन: एक प्रश्न काढतो, एक खुलासा करतो, एक सारांश सांगतो, एक पुढचा अंदाज बांधतो. पॅलिंक्सर आणि ब्राउन या अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली रीत, आता सगळीकडे ओळखीची. चारही भूमिका एकदम दिल्या, तीन मिनिटांत फक्त भांडणं. पहिले काही दिवस प्रश्न आणि सारांश या दोनच.

सारांश म्हणजे परिच्छेदाचं पहिलं वाक्य, असा समज पक्का. पुस्तक मिटून, जास्तीत जास्त बारा शब्द, बोटांच्या पेरांवर मोजत. एका हाताची चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, बरोबर बारा, अंगठा मोजणारा. पेरं संपली की थांबायचं. याने निम्मी कॉपी थांबली.

अंदाज भूगोलात निरुपयोगी, गोष्टीत छान. मथळ्याचा प्रश्न करणं ('हवेचा दाब' वरून 'हवेला दाब कशाने येतो?') भूगोल-विज्ञानात छान, कवितेत निरुपयोगी. एकच रीत सगळ्या धड्यांवर फिरवू नये.

७ ते २१ सप्टेंबर

गणपती, मग घटक चाचण्या. पेट्या फक्त शनिवारी.

२३ सप्टेंबर, सोमवार

पेटीत ५४ शब्द. चिठ्ठ्या टाकून २० काढले, प्रत्येकाचं वाक्य. हजर ३३. एकूण गुण काढत बसलो नाही, शब्दवार पाहिलं. 'प्रमाण' २९ जणांना, 'अनुक्रमे' २६, 'परिणामी' २१, 'तथापि' ६, 'किंबहुना' ३.

वरचे तिन्ही शब्द इतर विषयांच्या तासाला रोज भेटतात, गणितातही. 'तथापि' दोन महिन्यांत पुस्तकात मोजून चार वेळा, आणि बोलण्यात शून्य. पेटी स्वतः शब्द टिकवत नाही; बाहेर भेटलेला शब्द पेटी विसरू देत नाही, एवढंच तिचं काम. 'किंबहुना' पेटीतून काढला. 'तथापि' ठेवला, पण 'तरीसुद्धा'च्या कार्डाला जोडून.

'प्रमाण' २९ दिसत असला तरी २७ वाक्यं 'मीठ प्रमाणात टाकावे' या धर्तीची. प्रमाणवेळ, प्रमाणपत्र यांतला प्रमाण वेगळा. त्याचं दुसरं कार्ड केलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आज सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर. ठरलेलं बाजूला ठेवून बातमीवर पट्ट्या लावल्या. 'अभिजात'समोर ३० '?'. आणि पहिला प्रश्न: 'बाई, अभिजात म्हणजे कोणती जात?'

जूनमध्ये हा अंदाज तसाच डोक्यात राहिला असता. आज पट्टीवर '?' होता, कारण 'जात' ओळखीचा आणि जागा अनोळखी. फोड मुलांनीच केली: अभि अधिक जात. हा 'जात' कुठे आणखी दिसतो? फळ्यावर आलं: नवजात, जन्मजात. नवजात बाळाची जात कोणी विचारत नाही. जात म्हणजे इथे जन्मलेला. मग अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला, तिथून उत्तम दर्जाचा, तिथून काळाच्या कसाला उतरलेला. 'हा नव्हे' ओळीत काय लिहायचं ते सांगावं लागलं नाही.

त्याच बातमीत 'निकष'. निकष म्हणजे सोनं घासून पाहायचा दगड, कसोटी म्हणजेही तोच. सोनाराकडचा काळा दगड निम्म्या वर्गाने पाहिलेला. या कार्डाला वाक्य लागलं नाही, चित्र पुरलं. बातमीवर ३५ ऐवजी ७० मिनिटं गेली, पुढची तासिका मागून घेतली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन, तास मोकळा मिळाला. कधीच न पाहिलेला २०० शब्दांचा उतारा, शेतीच्या पुरवणीतला, पट्टीसह. '?' सरासरी सहा. ऑगस्टमध्ये अशाच उताऱ्यावर दोन होते. वाढले ते चांगलंच: अडल्याचं कळायला लागलं. सहापैकी दोन-तीन '?' मुलं स्वतः सोडवतात, फोडीने किंवा वाक्यात घालून. बाकीचे विचारतात.

जमलं नाही ते: सहा-सात मुलांना उताराच अडखळत वाचता येतो. त्यांच्यासाठी खुणा, पट्टी, पेटी सगळं ओझं आहे. त्यांना आधी रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन हवं, जोडाक्षरांवर बोट ठेवून. हे जूनमध्ये ओळखून वेगळं करायला हवं होतं; ऑगस्टपासून त्यांच्या पट्ट्या कोऱ्या आल्या आणि त्याला आळस समजलं गेलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

हिशेब. कार्डशीट ४१२ रुपये, गोंद ४०, यू-पिन ५०, स्केचपेन ६०, एकूण ५६२. यातले २४४ (पहिली कार्डं आणि गोंद) वाया. खोके, कॅलेंडर, पाट्या फुकट. वेळ: नव्या कार्डांना आठवड्याला शिक्षकाचा पाऊण तास, पट्ट्यांवरून शब्द निवडायला दहा मिनिटं. सराव मुलंच घेतात.

शब्द ६९ घातले, ३ काढले, ६६ पेटीत. यांतले पाचव्या कप्प्यात गटागणिक १४ ते २२.

दिवाळीच्या सुट्टीत पेट्या घरी द्यायच्या नाहीत. गटाची पेटी एकाच्या घरी गेली की बाकी पाच जणांचा सराव तुटतो. प्रत्येकाने पहिल्या कप्प्यातली कार्डं फक्त वहीत उतरवून न्यायची. उघडल्यावर पहिला आठवडा नवा शब्द नाही. 'तथापि'ला डिसेंबरपर्यंत मुदत.